पुराचं पाणी जादा नसतं

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की घाटमाथ्यावरच्या गावांत रात्री ओढ्याकाठी बॅटऱ्या हलायला लागतात. लाल-गढूळ लोंढा आलेला असतो, खाचरांतलं पाणी बांध फोडून खळाळत ओढ्यात पडत असतं, आणि त्याच पाण्याला तोंड देऊन मासे वर चढत असतात. देशावर आम्ही त्यांना चढणीचे मासे म्हणतो, कोकणात वलगणीचे. एकदा असाच गुडघाभर पाण्यात उभा होतो. समोर हातभर उंचीची दगडी ताल होती आणि तिच्यावरून पाण्याचा पडदा कोसळत होता. त्या पडद्याआड ओल्या दगडाला एक बोटाएवढा मल्या चिकटलेला. हनुवटीखालच्या चकतीनं दगड धरायचा, शेपटीचा एक झटका द्यायचा, इंचभर वर सरकायचं, पुन्हा दगड धरायचा. पाण्याचा जोर वाढला की तो खाली पडायचा आणि परत पहिल्या दगडापासून सुरुवात करायचा. पोट अंड्यांनी टम्म फुगलेलं. वर कुठेतरी नुकतंच भरलेलं, उथळ, गवताळ, ऊन लागणारं पाणी आहे, एवढं त्याला ठाऊक होतं आणि तिथं पोचायला त्याच्या हाती मोजक्या रात्री होत्या.

या रात्री लोंढ्याशिवाय येत नाहीत. पाणी वाढलं, गढूळ झालं, थोडं गार झालं, त्याला मातीचा वास आला, की माशांना निरोप पोचतो. नदीत वर्षभर सारखं, शांत, स्वच्छ पाणी ठेवलं तरी हा निरोप जात नाही.

हे आधी सांगायचं कारण असं, की सध्या महाराष्ट्रात पाण्याबद्दलची जवळपास प्रत्येक मोठी घोषणा एका वाक्यावर उभी असते: ‘पावसाळ्यात समुद्राला जाऊन वाया जाणारं पुराचं पाणी आम्ही वळवणार.’ नार-पार-गिरणा, दमणगंगा-एकदरे-गोदावरी, कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्यांचं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात, गोसीखुर्दपासून सुमारे 426 किलोमीटर लांबीचा वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्प. योजना वेगवेगळ्या, प्रदेश वेगळे, पण वाक्य तेच. माझा वाद त्या वाक्यातल्या ‘वाया’ या शब्दाशी आहे. आपण ज्याला जादा पाणी म्हणतो, तेच नदीतल्या जिवांचं वर्षाचं पाणी असतं. त्यांच्या विणीचा अख्खा हंगाम त्या काही दिवसांच्या पुरात मावलेला असतो. तो पूर उचलून नेला आणि उन्हाळ्यात थोडी धार सोडली, तर हिशोबाच्या वहीत नदी जिवंत दिसेल. तिच्यातले मासे मात्र वंश न वाढवता म्हातारे होऊन संपतील.

पाणी वळवण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. या बाबतीत महाराष्ट्र देशातल्या सर्वांत जुन्या प्रदेशांपैकी एक. पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या घाटमाथ्यावरच अडवायच्या, बोगद्यांतून आणि नळांतून कोकणात सोडायच्या आणि त्या उतारावर वीज काढायची, हे टाटांनी खोपोलीला 1915 साली सुरू केलं. मग 1922 साली भिवपुरी, 1927 साली भिरा. भिऱ्यासाठी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर मुळशीचं धरण झालं आणि त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तो लढा जमिनीचा आणि माणसांचा होता, आणि तसाच असायला हवा होता. नदीतल्या जिवांचा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. पुढे कोयना आली. महाबळेश्वरात उगम पावून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणारी ही नदी. तिचं वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवण्याची मुभा कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला दिली. हे पाणी पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी आपण पाठीमागं फिरवलं. राज्याला त्यातून वीज मिळाली, गिरण्या चालल्या, घरात दिवे लागले. ते मी नाकारत नाही. पण शंभर वर्षांच्या या अनुभवातून नदीला काय झालं, हे आपण कधी नीट मोजून पाहिलं आहे का?

मोजायला आरंभरेषा तरी होती. 1830च्या दशकात कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं दख्खनमधल्या माशांची यादी केली. त्यानं बऱ्याच माशांना शास्त्रीय नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्यानं वर्णन केलेला महसीर जगभर आजही ‘टॉर खुद्री’ या नावानं ओळखला जातो. शिंगटी, कोळस, मल्या, मुरे, टाकरी ही सगळी नावं लॅटिन पेहराव करून जगातल्या संग्रहालयांच्या बरण्यांवर बसली आहेत. आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलीतले हे शब्द विज्ञानाच्या भाषेत कायमचे जाऊन बसले, आणि इथे पुण्यातल्या नदीकाठच्या मुलाला त्यातला एकही मासा ओळखता येत नाही. मला हे फार लागतं. शब्द उरला आणि जीव गेला, असं आपल्या डोळ्यांदेखत होतं आहे.

आता पाणी वळवल्यावर नेमकं काय बिघडतं, ते पाहू. घाटमाथ्यावरच्या नद्यांतले मासे हे तळ्यातले मासे नव्हेत. 1938 साली सुंदरलाल होरा यांनी मुळा-मुठेतल्या एका छोट्या माशाचं वर्णन केलं आणि त्याला पुण्याचंच नाव दिलं: ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. या माशाच्या छातीवर कातडीच्या बारीक वळ्या असतात. त्यांच्या जोरावर तो धो-धो वाहत्या पाण्यातही दगडाला धरून राहतो. त्याला वेगवान पाणी, प्राणवायूनं भरलेलं पाणी आणि गाळ न बसलेले स्वच्छ दगड लागतात. पाणी वळवलं की आधी वेगच जातो. वेग गेला की दगडांच्या फटींत गाळ बसतो. फटी बुजल्या की तिथली अंडी, अळ्या आणि त्या खाऊन जगणारं सगळं संपतं. धरणाखाली नदीत तेव्हा पाणी दिसतंही. डबकी असतात, झिरपलेली धार असते, पुलावरून जाणाऱ्याला नदी आहे असं वाटतं. पण छातीनं दगड धरणाऱ्या माशाला धरण्यासारखं तिथं काही राहिलेलं नसतं. अशा संथ, कोमट, गढूळ पाण्यात बाहेरून आणलेली चिलापी (तिलापिया) मात्र आनंदानं वाढते. उजनीच्या जाळ्यांत आज काय सापडतं, हे तिथल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा.

आणि मुठे. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना आमच्याकडे मुठे म्हणतात. पावसाळ्यात मादी पकडली आणि तिच्या पोटाखालची झडप अलगद उचलली, की आत साबुदाण्याएवढी पिल्लं दाटीवाटीनं बसलेली दिसतात. आकारानं एवढीशी, पण नांग्यांपासून पायांपर्यंत पुरते खेकडे. समुद्री खेकड्यांची पिल्लं अळीरूपात प्रवाहाबरोबर मैलोन् मैल वाहत जातात. मुठ्यांच्या जन्मात ती अवस्थाच नाही. ती आईच्या पोटाखाली वाढतात आणि त्याच ओढ्यात उतरतात. त्यामुळे एखादा ओढा एका उन्हाळ्यात पुरता आटला, तर शेजारच्या खोऱ्यातून वाहत येऊन तो पुन्हा भरणारं कोणी नसतं. सह्याद्रीत गेल्या काही वर्षांत खेकड्यांच्या नव्या जाती एकामागून एक नोंदल्या जात आहेत आणि त्यातल्या कित्येक एका-दोन डोंगरांपुरत्याच आहेत. ज्याचं नाव आत्ता कुठे कागदावर येतं आहे, त्याचा ओढा कोणत्या बोगद्याच्या तोंडाशी येतो, हे कोण तपासणार?

आपल्याकडे क्रेफिश नाहीत. भारतातल्या नद्यांत मुठे त्यांची जागा घेतात. पण मुठ्याचं दुःख समजून घ्यायचं तर ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या क्रेफिशकडे पाहावं, कारण तिथल्या लोकांनी ही गोष्ट शेवटपर्यंत पाहिली आहे. मरे क्रेफिश हा आकारानं जगातला दुसऱ्या क्रमांकाचा गोड्या पाण्यातला क्रेफिश. अंगभर काटे, पांढऱ्या नांग्या. त्याची मादीही अंडी शेपटीखाली घेऊन थंडीचे महिने काढते आणि त्यालाही वाहतं, गार, प्राणवायूचं पाणी लागतं. मरेवर बंधाऱ्यांची रांग लागली, खालच्या अंगाला नदीची तळी झाली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पट्ट्यातून तो दिसेनासा झाला. मग 2010-11 साली मोठा पूर आला. आधीची कितीतरी वर्षं दुष्काळ होता, आणि जे छोटे पूर आले असते तेही धरणांनी आणि कालव्यांनी अडवलेले. त्यामुळे पूरमैदानांवर पाचोळ्याचे थर साचले होते. ते सगळे एकदम नदीत आले, कुजले, पाणी काळं पडलं आणि त्यातला प्राणवायू संपला. क्रेफिश पाण्याबाहेर आले. काठांवर, ओंडक्यांवर चढून बसले. पाण्यात जगणारा जीव पाणी सोडून कोरड्यावर येतो, यापेक्षा स्पष्ट तक्रार कोणती असू शकते?

या गोष्टीत आपल्यासाठी एक नेमका धडा आहे. छोटे-छोटे पूर नदीचं घर झाडून काढत असतात. ते ‘वाया जाऊ नयेत’ म्हणून अडवले की कचरा साठत जातो आणि पुढचा मोठा पूर मारक ठरतो.

त्याच खोऱ्यात डार्लिंग नदीवर मेनिंडी इथं 2018च्या डिसेंबरात आणि 2019च्या जानेवारीत लाखो मासे मेले. दशकानुदशकं जगलेले मरे कॉड हातांत धरून उभ्या असलेल्या माणसांची दृश्यं जगभर पोचली. ऑस्ट्रेलियाच्या विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञगटाचा निष्कर्ष सरळ होता: दुष्काळ होताच, पण वरच्या भागात इतकं पाणी उपसलं गेलं होतं की दुष्काळ सोसायला नदीत पाणीच उरलं नव्हतं. आणि हा देश काही गाफील नव्हता. 2012 सालीच त्यांनी मरे-डार्लिंगचा आराखडा करून वर्षाला 2,750 अब्ज लिटर पाणी उपशातून काढून नदीला परत द्यायचं ठरवलं होतं. आपल्या मापात हे सुमारे 97 टीएमसी होतं, म्हणजे जवळपास एक भरलेलं कोयना धरण. त्यासाठी सरकारनं शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत घेतले, अब्जावधी डॉलर ओतले, गावागावांत भांडणं झाली. तरीही सहा वर्षांनी मेनिंडी घडलं. एकदा वाटून टाकलेलं पाणी परत मागणं किती अवघड असतं, ते यातून कळतं. आपल्याकडे नव्या योजनांचं पाणी अजून वाटलेलं नाही. नदीचा वाटा बाजूला काढायचा तर तो आत्ताच काढता येईल.

कोयनेशी सर्वांत जवळचं नातं सांगणारी नदी मात्र ऑस्ट्रेलियातलीच स्नोई. डोंगरातून निघून समुद्राकडे जाणारी ही नदी त्यांनी बोगद्यांतून डोंगरापलीकडे वळवली, वीज काढली आणि पाणी शेतीला दिलं. जिंदाबाईन धरणाखाली मूळ प्रवाहाचा जवळजवळ 99 टक्के भाग नाहीसा झाला. लोकांनी अनेक वर्षं भांडून 2000 साली करार घडवला, की आधी 21 आणि पुढे 28 टक्के प्रवाह नदीला परत मिळावा. वळवलेल्या नदीला तिचं पाणी परत देता येतं, याचं उदाहरण जगात आहे. कोयना किंवा मुळेच्या बाबतीत असा विचार करायला आपल्याला कोणी मनाई केलेली नाही.

वळवलेलं पाणी ज्या नदीत पडतं, तिचं तरी भलं होतं का? कोलाडला कुंडलिकेच्या काठावर सकाळी जाऊन बसा. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की नदी बघता-बघता चढते, राफ्टिंगच्या होड्या लागतात, गर्दी होते, आणि दुपारनंतर पाणी उतरतं की दगड उघडे पडतात. भर उन्हाळ्यात वाहती नदी म्हणून लोक तिचं कौतुक करतात, काठच्या गावांना रोजगारही मिळतो. पण उथळ पाण्यात अंडी घालणाऱ्या माशाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सकाळी पूर, संध्याकाळी ओहोटी, आणि हे ऋतू पाहून होत नाही, विजेची मागणी पाहून होतं. पाणी सोडताना आणि थांबवताना ते हळूहळू चढवायचं-उतरवायचं, एवढं केलं तरी खूप फरक पडेल. यंत्र चालवणाऱ्यांना ते अशक्य नाही.

पाण्याबरोबर जीवही वळतात, हे तर आपण बोलतच नाही. स्नोईच्या नव्या पंपघराच्या प्रकल्पात ऑस्ट्रेलियात एका बोटभर माशावरून मोठा वाद झाला. हा ‘स्टॉकी गॅलेक्सियस’ टँटँगारा ओढ्याच्या एका तुकड्यात राहतो आणि खालच्या तलावातून वर चढवलेल्या पाण्याबरोबर दुसऱ्या जातीचे मासे येऊन त्याला संपवतील, ही भीती. वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पात गोदावरीच्या खोऱ्यातलं पाणी तापीच्या खोऱ्यात जाणार. पूर्वेला वाहणारी एक नदी, पश्चिमेला वाहणारी दुसरी. हजारो वर्षं वेगवेगळे वाढलेले जीव, त्यांचे रोग, आणि मध्ये माणसानं सोडलेले चिलापी-मांगूर हे सगळं एका कालव्यात येणार. प्रकल्पाची चर्चा किलोमीटर, कोटी आणि हेक्टरांत होते. कोणते मासे कुठून कुठे जातील, याचं एक पानही त्या चर्चेत मला भेटलेलं नाही.

यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे बीजकेंद्र. मासे कमी झाले? अंडी उबवू, बोटुकली सोडू. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात महसीर वाढवण्याचं काम अनेक दशकं चाललं आणि त्यामागची कळकळ खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण तिथली बोटुकली दक्षिणेत कावेरीत सोडली गेली आणि पुढे काय झालं? कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महसीर त्या पाहुण्यांपुढे हटत गेला. 2018 साली त्याचं शास्त्रीय नाव निश्चित झालं आणि त्याच सुमारास तो अतिसंकटग्रस्त ठरला. आमच्या मुळा-मुठेचा खुद्री कावेरीत उपरा ठरला. मासा कुठला, हे महत्त्वाचं असतं. आणि नदीच नसेल तर सोडलेली बोटुकली चढणार कुठे?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे आणि मी त्याला टाळणार नाही. मराठवाड्यातल्या बाईच्या डोक्यावर हंडा असताना तुम्ही माशांचं काय घेऊन बसलात? प्यायचं पाणी आधी, हे मला पूर्ण मान्य आहे. तिथं माणसाचा वाटा पहिला. पण वळवलेलं पाणी त्या हंड्यात जातं का, हे विचारण्याचा हक्क त्या बाईलाही आहे. लागवडीच्या एकूण क्षेत्रात ऊस थोडाच, पण सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा, हे राज्यात सगळ्यांना माहीत आहे. मासा आणि हंडा यांच्यात भांडण लावून देणं सोपं आहे. दोघांच्याही वाट्याचं पाणी पिणाऱ्या पिकाबद्दल बोलणं अवघड, म्हणून ते टाळलं जातं. शिवाय मासा म्हणजे कुणाचा तरी घास असतोच. वैनगंगेकाठचे ढीवर, कोकणातल्या खाड्यांवरचे कोळी, पावसाळ्यात चढणीच्या माशांवर आणि मुठ्यांवर कोरड्यास भागवणारी घाटमाथ्यावरची घरं, यांना पाण्याच्या बदल्यात कोणी मोबदला देत नाही, कारण त्यांचा हक्क सातबाऱ्यावर नाही. आणि समुद्राला जाणारं पाणी? तेच खाडीत खारं-गोडं मिसळतं. पेण-अलिबागकडे ज्याच्यावर जीव टाकतात तो जिताडा त्या मिसळीत वाढतो. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी पिल्लं वाढवायला त्या मचूळ पाण्यात उतरते आणि पिल्लं परत नदी चढतात. पश्चिमवाहिनी नद्यांचं पावसाळी पाणी उचलणार असाल, तर खाडीचाही हिशोब मांडावा लागेल.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 साली सर्व राज्यांना सांगितलं, की नद्यांत कमी पाण्याच्या काळातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान 15 ते 20 टक्के पाणी वाहतं ठेवा. दुसऱ्या कृष्णा लवादानं 2010च्या निवाड्यात कृष्णा खोऱ्यातल्या तिन्ही राज्यांत मिळून 16 टीएमसी किमान प्रवाहासाठी राखले. तो निवाडा न्यायालयीन वादात अडकला, आणि 16 टीएमसी किती अपुरे आहेत हे कोयनेच्या साडेसदुसष्टांशी ताडून पाहिलं की कळतं. पण या दोन्हीत एक उणीव सारखीच आहे. दोन्ही ‘किमान’ धारेचा विचार करतात, म्हणजे नदी कोरडी दिसू नये एवढाच. याहून पुढचं पाऊल 2018च्या गंगेच्या अधिसूचनेत आहे. वरच्या गंगेत हिवाळ्यात 20 टक्के, ऑक्टोबरात आणि उन्हाळ्यात 25 आणि पावसाळ्यात 30 टक्के प्रवाह सोडायचा. टक्के पुरेसे आहेत की नाहीत यावर वाद होईल, व्हावा. पण पावसाळ्यात नदीला जास्त लागतं, हे सरकारी कागदावर एकदा मान्य झालं आहे. गंगेसाठी जे मान्य, ते कृष्णा-भीमा-वैनगंगेसाठी का नाही?

माझी मागणी म्हणून साधी आहे. राज्यातल्या प्रत्येक वळण योजनेत पाणी वाटण्याआधी नदीचा वाटा लिहावा, आणि तो टीएमसीच्या एका आकड्यात न लिहिता महिन्यावार लिहावा. जूनमध्ये पहिले काही लोंढे धरणात न अडवता खाली जाऊ द्यावेत. साठा त्यानंतर करावा. आपल्या पावसाळ्यात घाटमाथ्यावरची धरणं भरायला जुलै-ऑगस्ट पुरतात, हे बहुतेक वर्षी आपण पाहतो. ज्या वर्षी पुरणार नाहीत, त्या वर्षीचा नियम आधीच ठरवून जाहीर करावा. जुन्या धरणांच्या दारांनाही हाच नियम लावावा, कारण बिघाडाची सुरुवात तिथूनच झाली आहे.

आणि नव्या योजनांच्या बाबतीत घाई करू नये. नार-पारचे ओढे सुरगाण्याच्या डोंगरांतून उतरतात. तिथल्या कोकणा आणि वारली माणसांना कोणत्या ओढ्यात कोणत्या रात्री मासे चढतात, मुठ्यांच्या पोटाखाली पिल्लं कधी दिसतात, कोणत्या कोंडीत उन्हाळ्यातही पाणी राहतं, हे कोणत्याही सल्लागार कंपनीपेक्षा नेमकं ठाऊक आहे. बोगद्याची यंत्रं लावण्याआधी अभियंत्यांनी, मत्स्यशास्त्रज्ञांनी आणि या माणसांनी एक मृग एकत्र त्या ओढ्यांवर काढावा. बॅटरी, वही आणि बादली घेऊन. पकडलेला प्रत्येक मासा नावासह लिहावा, त्यांच्या बोलीतल्या नावासह, आणि परत पाण्यात सोडावा. ती यादी प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर लावावी, आणि मगच किती पाणी उचलायचं यावर बोलायला बसावं.